जपानमध्ये पंतप्रधान बदलला की आपल्या बुलेट ट्रेनचं काय होतं?

फारसं काही नाही. २०१७ मध्ये शिंजो आबे आणि मोदी यांनी अहमदाबादला पायाभरणी केली. त्यानंतर सुगा, किशिदा, इशिबा असे पंतप्रधान आले-गेले, पण मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपानने दिलेल्या कर्जाच्या अटी तशाच राहिल्या: ०.१ टक्के व्याज, ५० वर्षांची मुदत, पहिली १५ वर्षं परतफेड नाही. करार देशाशी असतो, माणसाशी नाही. शिवाय हे सगळे एकाच पक्षाचे, आणि चीनची धास्ती सगळ्यांनाच.

खरी गंमत आपल्याकडेच झाली. २०१९ च्या अखेरीस महाविकास आघाडी आली, प्रकल्पाचा फेरविचार जाहीर झाला आणि महाराष्ट्रातलं भूसंपादन रेंगाळलं. मुंबईत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) स्टेशनच्या जागेवर पेट्रोल पंप आणि कोविड सेंटर उभं होतं. २०२२ मध्ये शिंदे सरकार आल्यावर परवानग्या भराभर सुटल्या. म्हणजे टोकियोपेक्षा मंत्रालयातल्या खुर्चीचा फरक जास्त पडला!

नवं सरकार मित्रदेशाशी कुठे फाटतं हे पाहायचं तर जपान-अमेरिका बघा. २००९ मध्ये जपानमध्ये हातोयामांचा, तोवर विरोधात असलेला पक्ष सत्तेत आला. फुतेन्मा हा अमेरिकी लष्करी तळ ओकिनावा बेटाबाहेर हलवू, असं त्यांनी प्रचारात सांगितलं होतं. ओबामा प्रशासन तळ ओकिनावातच ठेवण्याच्या आधीच्या करारावर अडून बसलं, हातोयामांनी माघार घेतली आणि जून २०१० मध्ये राजीनामा दिला. जपान-अमेरिका युती मात्र जागच्या जागी. आणि फुतेन्मा? अजूनही ओकिनावातच.