घर आत्ता घेऊ की थांबू? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी घराबद्दलची पत्रं भरपूर आलीत, त्यातले पाच प्रश्न घेतलेत. नावं अर्थातच छापत नाही. पहिलं आणि शेवटचं उत्तर जरा लांबलंय, पण ते प्रश्नच तसे आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही नवराबायको दोघंही हिंजवडीला आयटीत आहोत. वाकडला टू बीएचके भाड्याने घेतलाय, भाडं २८ हजार. आता ताथवड्यात एक अंडर कन्स्ट्रक्शन टू बीएचके बघितलाय, ॲग्रीमेंट व्हॅल्यू ९५ लाख. दोघांचा मिळून हातात १ लाख ६० हजार पगार येतो, शिल्लक २२ लाख आहे. सेल्सवाला म्हणतो पुढच्या महिन्यात रेट वाढणार, ऑफिसमधले म्हणतात थांबा, मार्केट पडणार आहे. सासरे म्हणतात कमी पडले तर माझी एफडी मोडू. आम्हाला काहीच सुचत नाहीये. (वाकड, पुणे)

उत्तर : आधी सासऱ्यांची एफडी बाजूला ठेवूया. ती त्यांच्या म्हातारपणाची आहे, तिला हात लावायचा नाही. आता तुमच्या फ्लॅटचा हिशेब मांडू.

९५ लाखावर पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, म्हणजे ६ लाख ६५ हजार. रजिस्ट्रेशन ३० हजार. बांधकाम चालू आहे आणि किंमत ४५ लाखाच्या वर आहे म्हणून जीएसटी ५ टक्के, म्हणजे ४ लाख ७५ हजार. झाले ११ लाख ७० हजार, आणि यातला एक रुपयाही भिंतीत जात नाही. बँक स्टॅम्प ड्युटी नि रजिस्ट्रेशन घराच्या किमतीत धरत नाही, आणि ३० ते ७५ लाखाच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या ८० टक्के आहे, त्यामुळे ७५ लाख कर्ज मिळालं तरी स्वतःचे २० लाख अधिक हे ११ लाख ७० हजार, म्हणजे पावणेबत्तीस लाख रोख हवेत. तुमच्याकडे आहेत २२. इंटिरियरचं तर अजून नावच काढलं नाहीये.

पुढे ईएमआय. ७५ लाख, २० वर्षं, ८ टक्के धरा, महिन्याला ६२ हजार ७०० च्या आसपास बसतो. यात पहिल्या महिन्यात व्याजच ५० हजार जातं, मुद्दल फिटते जेमतेम पावणेतेरा हजार. भाडं वाया जातं असं सगळे म्हणतात ना, मग २८ हजार भाडं आणि ५० हजार व्याज शेजारी शेजारी लिहून बघा. शिवाय पझेशन मिळेपर्यंत भाडं सुटणार नाहीच, दोन्ही एकदम भरावं लागेल. आणि टॅक्स वाचतो म्हणून कोणी सांगत असेल तर तुम्ही नव्या टॅक्स रिजीममध्ये आहात का ते आधी बघा, त्यात स्वतः राहायच्या घराच्या व्याजावर वजावट नाही.

आता भाव पडतील का. ठामपणे सांगणाऱ्या कोणावरही विश्वास ठेवू नका, पण आपल्याकडे मागे काय झालंय ते सांगते. मुंबईत १९९५ च्या सुमारास भाव टोकाला गेले आणि नंतर काही वर्षं खरंच उतरले. नंतरची मंदी वेगळी होती. साधारण २०१३-१४ पासून २०२० पर्यंत मुंबई-पुण्यात बऱ्याच भागात भाव जागेवर बसून राहिले, मध्ये २०१६ ची नोटबंदी, २०१७ ला रेरा (बिल्डरांवर लगाम ठेवणारा कायदा) आणि जीएसटी, २०१८ ला आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी बुडाली आणि बिल्डरांना मिळणारा पैसा आटला. लोक भाव कोसळायची वाट बघत बसले आणि कागदावर तो कोसळलाच नाही. पण सात वर्षं भाव तेवढाच आणि महागाई वर्षाला ५ टक्के असेल तर त्या घराची खरी किंमत जवळजवळ ३० टक्क्यांनी उतरलेली असते, आणि तोवर ज्याचा पगार वाढला त्याला घर आपोआप जवळ आलेलं असतं.

कागदावर भाव का उतरत नाही याचं एक कारण फार कमी लोकांना माहीत असतं. करार रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या, भावापेक्षा १० टक्क्यांहून खाली केला तर बिल्डरला तो फरक उत्पन्नात धरून टॅक्स लागतो आणि घेणाऱ्यालाही लागतो, आणि स्टॅम्प ड्युटी तर रेडी रेकनरवरच भरावी लागते. म्हणून मंदीत बिल्डर रेट पाडत नाही, पार्किंग देतो, मॉड्युलर किचन देतो, पझेशनपर्यंत ईएमआय नाही म्हणतो. भाव उतरलाय की नाही हे जाहिरातीतल्या आकड्यावरून कळत नाही, टेबलावर काय काय सुटतंय त्यावरून कळतं. तुमचा सेल्सवाला पुढच्या महिन्यात वाढणार म्हणतोय आणि त्याच दमात किचन फुकट देत असेल, तर भाव उतरलाय हे समजून घ्या.

माझं मत विचाराल तर हा ९५ लाखाचा फ्लॅट नको. यात गेलेले ११ लाख ७० हजार भरून निघायलाच, भाव दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढला तरी ४ वर्षं लागतील, व्याजाचं तर सोडूनच द्या. आणि दोघंही एकाच क्षेत्रात, एका ले-ऑफमध्ये निम्मा पगार गेला तर ६२ हजारांचा हप्ता उरलेल्या ८० हजारांतून कसा जाणार? त्यापेक्षा आसपासच्या थोड्या जुन्या सोसायटीत रीसेल बघा, ७५ लाखापर्यंत. कम्प्लिशन झालेलं म्हणून जीएसटी नाही, ड्युटी-रजिस्ट्रेशन साडेपाच लाख, कर्ज ६० लाख, स्वतःचे साडेवीस, ईएमआय ५० हजार. हे तुमच्या आवाक्यात आहे. तेही लगेच नको, कारण मग हातात दीडच लाख उरतात. एक वर्ष भाड्यातच रहा आणि महिन्याला ५० हजार बाजूला टाका, होतात ६ लाख. तेवढ्यात भाव ५ टक्क्यांनी वाढला तरी घर पावणेचार लाखांनीच महाग होईल, म्हणजे थांबून तुमचं नुकसान नाही. आणि निदान सात-आठ वर्षं पुण्यातच राहणार असाल तरच घ्या, ऑनसाइटचं काही चाललं असेल तर भाडंच बरं.

प्रश्न : घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटी कमी लागते म्हणे, खरं का? (नाशिक)

उत्तर : खरं आहे, महाराष्ट्रात रहायचं घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्याच नावावर असेल तर १ टक्का सूट मिळते, तुमचं नाव जोडलंत की गेली. पूर्वी अशी घरं १५ वर्षं पुरुषाला विकता यायची नाहीत, ती अट २०२३ मध्ये काढली. पण एक लक्षात घ्या, तुम्ही मालक नसाल आणि नुसते कर्जात को-ॲप्लिकंट असाल तर हप्ता तुमच्या पगारातून गेला तरी व्याजाची वजावट तुम्हाला मिळत नाही. जुन्या रिजीममध्ये असाल तर दोन्हीकडचा हिशेब करून ठरवा. नाहीतर सरळ वहिनींच्या नावावर घ्या, चांगलंच आहे.

प्रश्न : रेपो रेट कमी झाला असं सारखं बातम्यांत येतंय पण माझा हप्ता आहे तेवढाच आहे, असं कसं? कर्ज २०१७ चं आहे, ३० लाख बाकी, १५ वर्षं राहिलीत. (कोल्हापूर)

उत्तर : २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून एवढ्यात रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ६.५ वरून ५.५ वर आला, बातम्या खऱ्या आहेत. तुमचं कर्ज जुनं आहे, रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली कर्जं देणं बँकांना ऑक्टोबर २०१९ पासून सक्तीचं झालं, तुमचं बहुतेक एमसीएलआरवर, म्हणजे बँकेने स्वतःच्या खर्चावरून काढलेल्या दरावर, असेल आणि तो फार सावकाश खाली येतो. दुसरी शक्यता अशी की दर कमी झालाय पण बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत कमी केलीये, हे वाईट नाही. ब्रँचला जाऊन दोनच गोष्टी विचारा, आज माझा दर किती आणि शेवटचा हप्ता कधी. दर ९ निघाला आणि तीच बँक नवीन माणसाला ८ ने देत असेल तर लेखी अर्ज करून कर्ज बदलून घ्या, थोडा चार्ज लागेल. तुमच्या आकड्यावर १ टक्क्याचा फरक महिन्याला साडेसतराशेच्या वर जातो, १५ वर्षांत ३ लाखांहून जास्त होतात. बँक ऐकत नसेल तर दुसऱ्या बँकेत ट्रान्सफर करा, फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या घरकर्जाला मुदतीआधी फेडायचा दंड नसतो. आज-उद्या करत राहू नका, लवकर जा.

प्रश्न : डोंबिवलीत नवीन बिल्डिंगमध्ये वन बीएचके बुक करतोय. बिल्डर २० टक्के आधी भरा म्हणतो, ॲग्रीमेंट दोन महिन्यांनी करू. रेरा नंबर आहे, मग काळजी नाही ना? (कल्याण)

उत्तर : काळजी आहे दादा. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे ॲग्रीमेंट करून ते रजिस्टर केल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊच शकत नाही. तो २० मागतोय म्हणजे पहिल्याच पायरीवर कायदा मोडतोय. माझ्या मते तिथूनच परत फिरा.

आणि रेरा नंबर आहे एवढ्यावर थांबू नका, तुमच्याच गावातलं उदाहरण आहे. डोंबिवलीतल्या ६५ इमारतींना महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवली होती, नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने त्या पाडायचा आदेश दिला. तिथे राहणाऱ्या कुटुंबांनी रीतसर कर्ज काढून घरं घेतली होती, बँकांनीही कागद बघून पैसे दिले होते. मला त्या लोकांचा विचार करून फार वाईट वाटतं, कारण त्यांनी जे करायचं असतं ते सगळं केलं होतं. म्हणून महारेराच्या साइटवरून कमेन्समेंट सर्टिफिकेट (बांधकाम सुरू करायची महापालिकेची परवानगी) डाउनलोड करा आणि त्याचा नंबर घेऊन स्वतः महापालिकेच्या नगररचना विभागात जा, हे आम्हीच दिलंय असं त्यांच्याकडून कळू द्या. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर जमिनीचा मालक कोण ते बघा. एक वकील लावा, दहा-पंधरा हजार गेले तरी चालतील. आणि भाव कार्पेटवर, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर बोला, जिना-लॉबी धरून फुगवलेला सुपर बिल्टअप ऐकूनच घेऊ नका.

प्रश्न : माझा जन्म लालबागचा, आजोबा गिरणीत होते. चाळीतली खोली काकांकडे राहिली, आम्ही आता नालासोपाऱ्याला भाड्याने. मी आणि मिसेस मिळून महिन्याला ५५ हजार. मुंबईत घर सोडाच, इथेही जमेल असं वाटत नाही. म्हाडाला दोनदा फॉर्म भरला, लागला नाही. आमच्यासारख्यांनी काय करायचं? गावचं घर वडिलांच्या नावावर आहे, ते आड येईल का? (नालासोपारा)

उत्तर : तुमचं पत्र मी परत परत वाचलं. तुमच्यात काही कमी नाहीये, हे आधी सांगते. ज्या शहरात तुमच्या आजोबांनी घाम गाळला तिथे तुम्हाला घर मिळत नाही ते धोरणामुळे. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरण्यांची जमीन विकसित करताना साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असं वाटप होतं. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती ठेवली. जिथे शेड उभ्या होत्या ती जमीन वाटणीतून निसटली. सुप्रीम कोर्टानेही २००६ मध्ये तो बदल कायम केला. परळ-लोअर परळला आज जे टॉवर दिसतात तिथे परवडणारी घरं उभी राहायला हवी होती, ती फार थोडी झाली.

घरं कमी आहेत असंही नुसतं नाही. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत ४ लाख ८० हजारांच्या आसपास घरं रिकामी सापडली, देशात सगळ्यात जास्त. बांधली जातात ती विकत घेऊन कुलूप लावणाऱ्यांसाठी, आणि ५५ हजारवाल्याला लागणारं ४०० फुटांचं घर कोणी बांधत नाही कारण त्यात मार्जिन नाही. मे २०२५ मध्ये राज्याने नवीन गृहनिर्माण धोरण आणलंय, २०३० पर्यंत ३५ लाख घरं म्हणतायत. ती कुठे होतात आणि कितीला मिळतात यावर तुम्ही-आम्ही सगळ्यांनी लक्ष ठेवायला हवं, आणि भाड्याच्या स्वस्त घरांसाठीही आग्रह धरायला हवा.

आता तुमचं. वर्षाचं उत्पन्न ६ लाख ६० हजार, म्हणजे म्हाडाच्या अल्प उत्पन्न गटात बसता, ६ ते ९ लाखाचा. मुंबई मंडळाच्या २०२४ च्या लॉटरीत २०३० घरं होती आणि अर्ज लाखाच्या वर, त्यामुळे दोनदा लागला नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, भरत रहा, पण आयुष्य त्यावर टांगून ठेवू नका. कोकण मंडळाची प्रथम येणाऱ्यास प्राधान्य योजना असते, त्यात लॉटरी नाही. विरार-बोळींजची घरं अशीच बरेच दिवस पडून होती, पाण्याच्या तक्रारीमुळे लोक घेत नव्हते. तुम्ही जवळच राहता, एका रविवारी जाऊन तिथे राहणाऱ्यांना विचारा, पाणी किती वेळ येतं, स्टेशनला रिक्षा किती घेते, आणि मगच ठरवा.

पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये ९ लाखापर्यंत उत्पन्न, ३५ लाखापर्यंतचं घर आणि २५ लाखापर्यंतचं कर्ज असेल तर व्याजावर एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत मदत आहे, पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने येते. २५ लाखाचा हप्ता ८ टक्क्याने २० वर्षांसाठी २१ हजार होतो, तुमच्या ५५ हजारांत तो बसतो, फक्त आधी दुसरं कुठलं कर्ज डोक्यावर असेल तर ते फेडून टाका. गावच्या घराची अट कुटुंबापुरती आहे, म्हणजे तुम्ही, मिसेस आणि लग्न न झालेली मुलं, यांच्या नावावर देशात कुठे पक्कं घर नसावं. वडिलांच्या नावावरचं घर त्यात येत नाही, मात्र आत्ताच ते तुमच्या नावावर करून घेऊ नका. आणि डोमिसाईल, दोघांचं आधार-पॅन, आयटी रिटर्न किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एवढं आत्ताच काढून ठेवा, म्हाडा पात्रतेची कागदपत्रं आता आधीच बघते आणि दाखला यायलाच कधीकधी महिना जातो. तहसील कार्यालयात कोणी अडवलं तर मला परत लिहा.