बाहेरच्या भिंतीवर सक्युलंट्सची (जाड, पाणी साठवणाऱ्या पानांच्या रोपांची) उभी फ्रेम लावायचीय, पण माती आणि रोपं खाली पडणार नाहीत का?

नाही पडत, फक्त फ्रेम लगेच उभी करायची घाई करू नका. 2-3 इंच खोल लाकडी खोका घ्या, मागे प्लाय, पुढे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी, आत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कमी आणि जाड वाळू-परलाइट (हलके पांढरे खडे) जास्त. एचेव्हेरिया, सेडम अशा सक्युलंट्सच्या कटिंग्ज (कापलेले तुकडे) 3-4 दिवस सावलीत ठेवून कापलेली टोकं सुकू द्या, मग जाळीतून खोचा आणि फ्रेम महिना-दीड महिना आडवीच ठेवा, मुळं जाळीत नीट गुंतली की मगच टांगा. पाणी देतानाही शक्यतो खाली उतरवून आडवी करूनच द्या, कारण उभ्या फ्रेममध्ये वरची माती कोरडी राहते आणि खाली सगळं सडतं. आपल्याकडे पावसाळ्यात मात्र छपराखालीच हवी, आणि पश्चिमेची भिंत नकोच, मे महिन्यात पानं भाजतात.