वाचकांचे प्रश्न : जमीन वारशाची, चिरा कोणाचा?

प्रश्न : राजापूर तालुक्यात सड्यावर (कातळाच्या माळावर) आजोबांच्या नावाची 40 गुंठे जमीन आहे. आम्ही पाचही वारस मुंबई-पुण्यात. चिरेखाणीसाठी, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीसाठी, एक ठेकेदार मागे लागलाय. ‘तुमच्या जमिनीतला चिरा तुमचाच, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे,’ असं तो म्हणतो. खरं काय?

उत्तर : निकाल खरा, पण तो तुम्हाला लागू नाही. 2013 चा तो निकाल केरळातल्या मलबारच्या जमिनींचा. तिथल्या मालकांचा भूगर्भावरचा हक्क कुठल्याच कायद्याने काढून घेतलेला नव्हता. आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 48 आहे आणि त्यानुसार सगळी खनिजं शासनाची. म्हणजे जमीन तुमची, चिरा सरकारचा. तुमच्या हातात उरते ती संमती, आणि तिचा मोबदला चांगला वाजवून घेता येतो.

आधी वारस नोंद करून घ्या. सातबाऱ्यावर अजून आजोबाच असतील, तर गावातला एखादा चुलतभाऊ परस्पर सही देऊन मोकळा होतो. तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र द्या. मग जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात काढून ओळीने वाचा. कूळ, गहाण, जुना खाणपट्टा यांचा सुगावा सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात लागतो. सरकारी मोजणी खोदाईच्या आधीच करा. हद्दीचे दगड एकदा खाणीत गेले की शेजाऱ्याशी वाद मिटत नाही.

खरी मेख ब्रासमध्ये आहे. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट जागा, 10 फूट खोल खणली तर जवळपास 109 ब्रासचा खड्डा होतो. पाच गुंठ्यांत 540 च्या वर. परवाना 200 ब्रासचा आणि खड्डा 540 चा असला, तर ईटीएस मोजणीत (इलेक्ट्रॉनिक यंत्राने होणाऱ्या मोजणीत) ते उघडं पडतं. दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत होऊ शकतो आणि तो जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो. ठेकेदार तोवर पुढच्या गावात गेलेला असतो. नोटीस येते सातबाऱ्यावरच्या नावांना आणि बोजाही तिथेच चढतो. म्हणून करारात खोदाईचे गुंठे, खोली, एकूण ब्रास, दर महिन्याच्या वाहतूक पासांच्या प्रती आणि खड्डा बुजवण्यासाठी अनामत हे सगळं लिहून घ्या. सह्या पाचही जणांच्या, आणि करार नोंदणीकृत. नुसत्या स्टॅम्पपेपरवर भागवू नका.

प्रश्न : आमचं मूळ घर गोव्यातल्या सांग्यात. पणजोबांच्या नावाचा पोर्तुगीज काळातला खाणीचा कागद सापडलाय. त्यावर हक्क सांगता येईल?

उत्तर : खनिजावर नाही. 1987 च्या कायद्याने ती कन्सेशनं, म्हणजे पोर्तुगीज काळात दिलेले खाणींचे हक्क, रद्द होऊन 20 डिसेंबर 1961 पासूनचे खाणपट्टे मानली गेली. नूतनीकरण धरूनही त्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 ला संपली, असं सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये ठरवलं. वरच्या जमिनीचा प्रश्न वेगळा. कन्सेशन होतं म्हणजे जमीनही पणजोबांचीच होती, असं धरून चालू नका. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा म्हणा) काढून कब्जेदाराचं नाव तपासा.