लाल सिग्नलचे कॅमेरे खरंच अपघात कमी करतात, की फक्त दंडवसुलीसाठी असतात?

दोन्ही. त्यातलं कोणतं जास्त, हे बहुतेक वेळा त्या चौकात पिवळा दिवा किती सेकंद राहतो त्यावर ठरतं. म्हणून कॅमेऱ्यावरून वाद निघाला की मी आधी तो आकडा विचारतो.

अमेरिकेच्या फेडरल हायवे अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने २००५ साली १३२ चौकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॅमेऱ्यांनंतर आडव्या धडका सुमारे २५ टक्क्यांनी घटल्या आणि मागून बसणाऱ्या धडका सुमारे १५ टक्क्यांनी वाढल्या. आडवी धडक थेट दारावर बसते, ती जास्त जीवघेणी. त्यामुळे नुकसान पैशांत मोजलं तेव्हा हिशेब थोडासा फायद्याचा निघाला. ह्यूस्टनच्या मतदारांनी २०१० साली कौल देऊन कॅमेरे काढायला लावले. तिथल्या नंतरच्या अभ्यासात आडव्या धडका वाढलेल्या दिसल्या, बाकीचे अपघात कमी झाले, आणि एकूण अपघातांत कॅमेऱ्यांचा फायदा सापडला नाही. ‘आमच्याकडे अपघात निम्म्यावर आले’ असे दावे मात्र जपून वाचा. कॅमेरा बहुधा ज्या चौकात गेल्या वर्षी जास्त अपघात झाले तिथेच बसतो, आणि असा वाईट गेलेला आकडा काहीही न करता पुढच्या वर्षी थोडा खाली येतोच.

मागून धडका का वाढतात? पुढचा दंडाच्या भीतीने करकचून ब्रेक मारतो, मागच्याने मात्र तो निघून जाईल असं धरलेलं असतं. इथेच पिवळ्याचं गणित येतं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. पिवळा दिसल्यावर भानावर यायला १ सेकंद आणि नेहमीचा, न घसरणारा ब्रेक धरला (सेकंदाला सुमारे ३ मीटर प्रतिसेकंद वेग उतरतो), तर गाडी थांबायला साधारण ६२ मीटर लागतात. पिवळा ३ सेकंदच असेल तर तेवढ्या वेळात गाडी ५० मीटर जाते. मधल्या १२ मीटरमध्ये सापडलेला चालक नीट थांबूही शकत नाही आणि लाल लागायच्या आत स्टॉप लाइनही गाठू शकत नाही. तिथे पिवळा ३.७ सेकंद हवा (६२ मीटर भागिले सेकंदाला १६.७ मीटर). उतार असेल तर आणखी जास्त.

या पट्ट्यातला माणूस लाल लागल्यावर जास्तीत जास्त पाऊण सेकंदात रेषा ओलांडतो. चारही बाजू क्षणभर लाल ठेवणारा ‘ऑल रेड’ असेल, तर तोवर आडवी वाहतूक सुटलेलीही नसते. जीव घेतो तो लाल लागून कितीतरी सेकंद झाल्यावर घुसणारा: दारू प्यालेला, फोनमध्ये गुंतलेला. ज्याने सिग्नलच पाहिला नाही त्याला कॅमेऱ्याची भीती कुठून वाटणार? पावत्या मात्र पहिल्या गटाच्याही फाटतात, आणि लोकांचा राग मला इथे पूर्ण रास्त वाटतो.

फिलाडेल्फियात आधी पिवळा सुमारे एका सेकंदाने वाढवला, तेव्हा सिग्नल तोडणं ३६ टक्क्यांनी घटलं. मग कॅमेरे लावले तेव्हा उरलेल्यातलं ९६ टक्के थांबलं. क्रम असाच हवा. शिकागोत उलट घडलं: किमान मर्यादा ३ सेकंदांची असताना २.९ सेकंदांच्या पिवळ्यावरही दंड लावल्याचं २०१४ मध्ये बाहेर आलं, आणि कॅमेऱ्यांच्या कंत्राटातल्या लाचखोरीबद्दल पालिकेच्या एका अधिकाऱ्याला २०१६ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. कंत्राटदाराला पावतीमागे वाटा मिळत असेल तर पिवळा वाढवायला कोणाचाच हात पुढे येत नाही. त्याला दरमहा ठरावीक रक्कमच द्यावी.

तुम्हाला अशी पावती आली असेल तर फोटो दोन हवेत. पहिल्यात सिग्नल लाल आणि पुढची चाकं स्टॉप लाइनच्या अलीकडे. दुसऱ्यात तीच गाडी चौकात. पहिल्याच फोटोत चाकं रेषेपलीकडे असतील, तर तुम्ही पिवळ्यावर आत शिरला असण्याची शक्यता आहे. पूर्ण व्हिडिओ मागा. फोटोवरच्या पट्टीत बऱ्याचदा लाल लागून किती वेळ झाला, पिवळा किती होता आणि गाडीचा वेग छापलेला असतो. लालचा आकडा ०.३ किंवा ०.४ असेल, तर पिवळा स्वतः मोजा. रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभे राहून सिग्नलचं चित्रण सेकंदाला ६० फ्रेमवर करा आणि पिवळा लागल्यापासून लाल लागेपर्यंतच्या फ्रेम मोजा. १८० फ्रेम म्हणजे ३ सेकंद. पाच-सहा फेऱ्या घ्या, एकीवर विसंबू नका. मग त्या रस्त्याच्या वेगमर्यादेला वरच्या हिशेबाने किती सेकंद लागतात ते काढा. आकडा कमी निघाला तर हरकतीच्या अर्जात चित्रण जोडा आणि त्या सिग्नलचं मंजूर वेळापत्रक लेखी मागा.