वाचकांचे प्रश्न : घरातला लेथ, मायक्रोमीटर आणि त्यांचे सोबती

प्रश्न : मी नोकरीतून निवृत्त झालो आहे. घरामागे १० बाय १२ फुटांची, वर पत्रा आणि खाली कोबा असलेली खोली आहे. वाफेच्या इंजिनांच्या लहान चालत्या प्रतिकृती बनवाव्यात आणि जमेल तशी शेतीपंपांची किरकोळ दुरुस्तीही करावी, अशी फार वर्षांची इच्छा आहे. कोल्हापुरात साडेचार फुटी जुना लेथ (धातू फिरवत ठेवून कापण्याचे यंत्र) पाहून ठेवला आहे. जवळपास तेवढ्याच पैशांत नवा चिनी बनावटीचा छोटा लेथही मिळतो आहे. कोणता घ्यावा आणि त्याच्याबरोबर आणखी काय लागेल? (एक वाचक, कराड)

उत्तर : आपण केवळ प्रतिकृती करणार असता, तर छोटा लेथ घ्या असे मी निःशंकपणे सांगितले असते. त्यावर साधारण १८० मिमी व्यासाचा जॉब (कापायचा तुकडा) फिरतो, दोन सेंटरांमधले, म्हणजे जॉबला दोन्ही टोकांना आधार देणाऱ्या टोकदार भागांमधले, अंतर ३५० मिमीच्या आसपास असते आणि वजन चाळीस किलोच्या घरात असल्याने तो टेबलावर बसतो. परंतु पंपाचा शाफ्ट हाती आला, की हे माप अपुरे पडते. शिवाय हलक्या यंत्रावर पार्टिंग टूलने जॉब कापताना यंत्रच थरथरू लागते आणि नवशिक्याला वाटते, की आपलाच हात चुकतो आहे. जड लेथच्या बिडाचे (ओतीव लोखंडाचे) वजन ही थरथर पोटात घेते. म्हणून आपल्या कामासाठी माझा कौल जुन्या लेथला आहे. मात्र त्याचा बेड, म्हणजे ज्यावर बाकीचे भाग सरकतात तो लांब पाट, चांगला असला पाहिजे.

बेड पाहण्याची रीत सोपी आहे. लेथचे आयुष्य चकाजवळच्या (जॉब पकडणाऱ्या जबड्यांजवळच्या) फूट-दीड फुटात खर्च होते आणि टेलस्टॉककडचा (दुसऱ्या टोकाच्या आधाराकडचा) भाग बहुधा कोरा राहतो. त्यामुळे सॅडलचा (टूल वाहून नेणाऱ्या सरकत्या भागाचा) लॉक चकाजवळ किंचित आवळून हँडव्हील फिरवत सॅडल टेलस्टॉककडे न्यावे. सगळीकडे सारखाच जोर लागला, तर झीज कमी आहे. चकाजवळ मोकळा असलेला सॅडल पुढे जाऊन अडकला, तर बेड चकाजवळ खाल्ला गेला आहे असे समजावे. नंतर चुंबकी स्टँडवर डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारे साधन) लावून त्याचे टोक स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) नाकावर टेकवावे आणि चकात धरलेल्या सळईला हाताने वर-खाली जोर द्यावा. काटा एक-दोन शतांश मिमी हलला, तर हरकत नाही. पाच-सहा शतांश हलला, तर बेअरिंग आवळता येते का हे विक्रेत्यासमोरच करून पाहावे. हाफ नट (सॅडलला लीड स्क्रूत, म्हणजे आटे पाडताना सॅडल ओढणाऱ्या लांब स्क्रूत, अडकवणारे नट) लावून सॅडल मागेपुढे ढकलून त्यातली ढिलाई पाहावी. चेंज गिअरचा (आट्यांचे माप बदलणाऱ्या गिअरांचा) संच पूर्ण आहे का, हे मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्या लेथचा लीड स्क्रू बहुधा इंची असतो आणि त्यावर मिलिमीटरचे आटे अचूक पाडायचे, तर १२७ दातांचा गिअर हवा, कारण २५.४ ला ५ ने गुणले की १२७ ही पूर्ण संख्या मिळते. हाच गिअर संचातून हरवलेला असतो, हा माझा वारंवारचा अनुभव आहे.

रंग उडालेला असणे, क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवे सरकवणाऱ्या भागाच्या) हँडलमध्ये पाव फेरा प्ले (रिकामी ढिलाई) असणे किंवा तीन जबड्यांच्या चकात जॉब थोडा डुलणे, या गोष्टींनी घाबरून जाऊ नये. प्ले नेहमी एकाच दिशेने काढून घेतला, की मापात येत नाही. डुलणाऱ्या चकाला चार जबड्यांचा चक हा कायमचा उपाय आहे, कारण त्यात डायल गेज लावून जॉब एका शतांश मिमीपर्यंत ट्रू करता येतो, म्हणजे न डुलता मध्यावर आणता येतो. सुरुवातीला या कामाला अर्धा तास लागतो आणि महिनाभराने पाच मिनिटे पुरतात. आपले कराड किर्लोस्करवाडीपासून लांब नाही. १९१० मध्ये तेथे सुरू झालेल्या उद्योगाच्याच घराण्याने १९४१ मध्ये हरिहरला लेथ बनवण्याचा कारखाना काढला. तिथले जुने लेथ आपल्या भागात अजून कामावर दिसतात. असा एखादा बऱ्या बेडचा लेथ मिळाला, तर रंगरूप न पाहता घ्यावा.

यंत्र घरी आणल्यावर सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे काम म्हणजे ते नीट बसवणे. चार-पाचशे किलोंच्या लेथचा बेडसुद्धा पायाखालची जमीन वाकडी असेल तर केसभर पिळतो आणि मग सरळ टर्निंगही निमुळते येते. चकात २५-३० मिमी व्यासाची सळई साधारण दीडशे मिमी बाहेर ठेवून धरावी. टेलस्टॉकचा आधार देऊ नये. दोन टोकांना दोन कडी राहतील अशा बेताने मधला भाग थोडा उतरवावा आणि मग टूलला हात न लावता एकाच सेटिंगवर दोन्ही कड्यांवरून अगदी हलका कट घ्यावा. मायक्रोमीटरने (स्क्रूच्या साहाय्याने सूक्ष्म माप घेणाऱ्या साधनाने) दोन्ही व्यास मोजावेत. बाहेरच्या टोकाचे कडे जाड आले, तर टेलस्टॉककडच्या पायांपैकी आपल्या बाजूच्या पायाखाली पातळ पत्र्याची पॅकिंग सरकवावी. बारीक आले, तर त्याच टोकाच्या मागच्या पायाखाली. बोल्ट आवळून पुन्हा कट घ्यावा आणि पुन्हा मोजावे. एक रविवार यात जाईल, पण त्यानंतर लेथ जे काम देतो त्याने आपला आपल्याच डोळ्यांवर विश्वास बसणार नाही.

आता बाकीच्या साहित्याविषयी. लेथला जेवढे पैसे लागतील जवळपास तेवढेच सोबतच्या वस्तूंना लागतात, हे आधीच धरून चालावे. नाहीतर लेथ येतो आणि वर्षभर टूलवाचून झाकून राहतो. पहिल्या खरेदीत १३ मिमी क्षमतेचे बेंच ड्रिल, बेंच ग्राइंडर, चार जबड्यांचा चक, ड्रिल चक, फिरता सेंटर आणि हायस्पीड स्टीलचे टूल बिट यावेत. कार्बाइडच्या टिपा झटपट काम देतात हे खरे, पण ग्राइंडरवर स्वतः टूलला धार लावायला शिकल्याखेरीज धातू कसा कापला जातो हे हाताला कळत नाही. टूलचे टोक सेंटरच्या उंचीवर आहे का, हे पाहण्यासाठी सळई आणि टूल यांच्यामध्ये पातळ पोलादी पट्टी हलकेच चिमटावी. पट्टी उभी राहिली तर उंची बरोबर आहे. तिचे वरचे टोक आपल्याकडे झुकले तर टूल खाली आहे, पलीकडे झुकले तर वर आहे. साध्या पोलादासाठी हायस्पीड टूलचा वेग मिनिटाला २५ मीटर धरला, तर ८,००० ला मिमीमधल्या व्यासाने भागून फेरे मिळतात, म्हणजे २५ मिमीच्या सळईला ३२० फेरे. आट्यांसाठी एम ६, एम ८ आणि एम १० चे टॅप घ्यावेत आणि त्यांच्यासाठी अनुक्रमे ५, ६.८ आणि ८.५ मिमीची ड्रिल्स त्याच डब्यात ठेवावीत.

मिलिंग मशीनची (सपाट बाजू आणि खाचा कापणाऱ्या यंत्राची) घाई नको. प्रतिकृतींच्या लहान भागांसाठी लेथच्या क्रॉस स्लाइडवर बसणारी उभी स्लाइड पहिली दोन वर्षे पुरते. जुना शेपर (टूल मागेपुढे करून सपाट पृष्ठभाग कापणारे यंत्र) भंगाराच्या भावात मिळाला आणि जागा असली, तर अवश्य घ्यावा, कारण त्याचे टूल लेथच्या टूलसारखेच घरी घासता येते. मात्र त्याचा रॅम (टूल धरणारा सरकता भाग) मागे किती सरकतो हे मोजून भिंतीपासून अंतर ठेवावे.

प्रश्न : माझा डिजिटल व्हर्निअर ०.०१ मिमीपर्यंत वाचन दाखवतो, तरीही बेअरिंगसाठी केलेले बोअर (गोल भोक) कधी सैल होते, तर कधी बेअरिंग आतच जात नाही. वेगळा व्हर्निअर घ्यावा का? (एक विद्यार्थी, डोंबिवली)

उत्तर : पडद्यावर ०.०१ दिसणे आणि माप ०.०१ पर्यंत खरे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला व्हर्निअरदेखील दोन-तीन शतांश मिमी इकडे-तिकडे होऊ शकतो. याचे कारण त्याच्या घडणीतच आहे. जॉब जबड्यांच्या मध्ये असतो, तर मोजपट्टी बाजूला असते. अंगठ्याचा जोर थोडा जास्त झाला, की सरकता जबडा केसभर तिरका होतो आणि ती चूक थेट वाचनात उतरते. मोजायची रेषा आणि मोजपट्टी एकाच ओळीत असावीत, हे तत्त्व जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट ॲबे यांनी १८९० मध्ये मांडले. मायक्रोमीटर ते पाळतो. त्याच्या स्क्रूचा एक फेरा अर्धा मिलिमीटर आणि थिंबलवर (फिरत्या नळीवर) ५० भाग, म्हणून प्रत्येक भाग ०.०१ मिमीचा, आणि रॅचेटमुळे (ठरावीक दाबाला घसरणाऱ्या टोकामुळे) दाब प्रत्येक वेळी सारखा.

म्हणून व्हर्निअर बदलू नका. त्याच्या जोडीला ०–२५ मिमीचा मायक्रोमीटर घ्या आणि जमेल तेव्हा २५–५० चा. बोअरसाठी टेलिस्कोपिक गेज घ्यावे. ते बोअरमध्ये उघडून लॉक करावे, हलकेच तिरके करत बाहेर काढावे आणि मायक्रोमीटरने मोजावे. एकदा मोजून थांबू नये. तीन वेळा तेच वाचन आले, तरच ते खरे मानावे. मायक्रोमीटर स्वतः खरा आहे का, हे पाहण्यासाठी महागडे स्लिप गेज (अचूक मापाचे ठोकळे) नसले तरी चालते. चांगल्या कंपनीचे नवे ६०८ क्रमांकाचे बेअरिंग घ्यावे. त्याचा बाहेरचा व्यास २२ मिमी असतो आणि सर्वसाधारण श्रेणीत तो फार तर ९ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) कमी असू शकतो, जास्त नाही. त्याची जाडी मात्र यासाठी वापरू नये, कारण तिची सवलत (मापात चालणारा फरक) बरीच मोठी असते.

आता दुसऱ्या कारणाविषयी, ज्याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. एकदा ६२०४ बेअरिंगसाठी ॲल्युमिनिअमच्या हाउसिंगला (बेअरिंग बसते त्या घराला) ४७ मिमीचे बोअर करत होतो. एप्रिलची दुपार, पत्र्याची शेड आणि एकामागून एक घेतलेले कट, यांमुळे हाउसिंगला हात लावला तर चटका बसत होता. माप बरोबर ४७.०० आले म्हणून समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बेअरिंग तोंडाशीच अडले आणि पुन्हा मोजले तर बोअर ४६.९८ निघाले. ॲल्युमिनिअम एका अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन फुगते. म्हणजे ४७ मिमीचे बोअर २० अंशांनी थंड झाले, की साधारण दोन शतांश मिमी लहान होते. नेमका हाच हिशेब माझ्यापुढे टेबलावर पडला होता. पोलाद याच्या निम्मे फुगते. मापांचे आंतरराष्ट्रीय प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे, पण आपल्याकडे ते घरी आणणे अवघड असते. तेव्हा जॉब, बेअरिंग आणि मायक्रोमीटर निदान एकाच तापमानाला येऊ द्यावेत. शेवटचा कट घेण्याआधी जॉब तासभर निवू द्यावा आणि सगळी साधने एकाच बिडाच्या प्लेटवर शेजारी-शेजारी ठेवावीत.

प्रश्न : पावसाळ्यात लेथच्या बेडवर आणि मापनसाधनांवर गंज चढतो. काय करावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : काम संपल्यावर कीस ब्रशने काढून बेडवर ६८ ग्रेडचे स्लाइडवे तेल पुसावे, रॉकेल लावू नये, कारण ते उडून जाते आणि मागे उघडे बीड उरते. मापनसाधनांच्या लाकडी कपाटात एक लहान बल्ब रात्रंदिवस तेवत ठेवला, तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी उबदार राहते आणि दव धरत नाही. मायक्रोमीटरची तोंडे मिटवून ठेवू नयेत. त्यांच्यात थोडी फट ठेवावी. आणि एक गोष्ट आवर्जून पाहा : फरशी धुण्याच्या ॲसिडची बाटली त्याच खोलीत नाही ना? बूच घट्ट असले तरी तिची वाफ निसटते आणि एका महिन्यात सगळ्या चकचकीत पृष्ठभागांवर तांबूस ठिपके उमटतात.

प्रश्न : जुन्या लेथला दोन अश्वशक्तीची तीन फेजची मोटर आहे आणि घरात सिंगल फेज आहे. मोटर बदलावी लागेल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : बहुधा नाही. आधी मोटरची पाटी वाचा आणि टर्मिनल बॉक्स उघडा. आपल्याकडच्या या आकाराच्या मोटरी बहुधा ४१५ व्होल्टला स्टार जोडणीत असतात (स्टार आणि डेल्टा या मोटरच्या तीन वाइंडिंग जोडण्याच्या दोन पद्धती). आत सहा टर्मिनल असतील आणि पाटीवर स्टार लिहिले असेल, तर तीच मोटर डेल्टामध्ये जोडून २४० व्होल्टला चालते. मग २३० व्होल्ट सिंगल फेज घेणारा आणि तीन फेज देणारा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे विद्युत उपकरण) तिला पुरतो. पाटीवर ४१५ व्होल्टला डेल्टा लिहिले असेल किंवा तीनच वायरी बाहेर आल्या असतील, तर वाइंडिंगवाल्याला दाखवावी लागेल. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी आणि अर्थिंग तपासून घ्यावे. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये जुना स्विच ठेवू नये. सुरू-बंद करण्याची बटणे व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलनाच जोडावीत. फार हळू फिरवायचे असेल तेव्हा वेग व्हीएफडीवर न उतरवता पट्टा मोठ्या पुलीवर घ्यावा, कारण मंद फिरणाऱ्या मोटरचा पंखाही मंद होतो आणि ती तापते.

वीज जाऊन पुन्हा आली, की यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. साध्या स्टार्टरमध्ये हे काम नो-व्होल्ट कॉइल (वीज जाताच स्विच सोडणारी कॉइल) करते. व्हीएफडीमध्ये आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी लागते. चकाची किल्ली चकात असताना आणि आपला हात जॉबवर असताना वीज परत येऊ शकते. म्हणून लेथ पहिल्यांदा चालू कराल त्या दिवशीच मेन स्विच बंद करून पुन्हा सुरू करा आणि स्पिंडल जागचा हलत नाही, हे स्वतः पाहून घ्या.