‘उगाच राहिला’ म्हणजे विनाकारण राहिला का?

पुण्यातील एका वाचकाने विचारले आहे की, उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेत बायबलमधील मार्ककृत शुभवर्तमानाचा, म्हणजे मार्कने लिहिलेल्या येशूच्या वृत्तान्ताचा, 14वा अध्याय वाचला जात असताना प्रमुख याजकासमोर येशू ‘उगाच राहिला’ असे शब्द आले, तेव्हा शेजारी बसलेल्या लहान मुलीने ‘उगाच का?’ असे हळूच विचारले. तर येथे या शब्दाचा अर्थ काय घ्यावा?

मुलीची शंका रास्त आहे, परंतु येथे ‘उगाच’ म्हणजे विनाकारण नव्हे. ‘उगा’ हे मूळचे विकारी विशेषण आहे: तो उगा बसला, ती उगी बसली, ते उगे राहिले. न बोलता, न हलता, स्वस्थ, असा त्याचा अर्थ असून ‘च’ केवळ जोर देण्यासाठी आला आहे. रडणारे मूल खांद्यावर घेऊन आपण ‘उगी, उगी’ म्हणत थोपटतो, तेथे हा जुना अर्थ आजही शाबूत आहे. मात्र खांद्यावर मुलगा असला तरी रूप ‘उगी’च राहते, इतके ते आता गोठून गेले आहे. ‘काय करतोस?’ या प्रश्नाला ‘काही नाही, उगाच बसलोय’ असे उत्तर मिळते, तेव्हा स्वस्थ आणि निष्कारण हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात एकमेकांना खेटून उभे असतात. अर्थ सरकला असावा तो याच वाटेने.

गंमत अशी की, आजचा अर्थ लावला तर त्या प्रसंगाचे नेमके उलटे होते. प्रमुख याजकासमोर येशूची चौकशी चालली असता खोट्या साक्षीदारांच्या साक्षींचा आपसांत मेळ बसत नव्हता, म्हणजे खोडून काढावे असे काही उभेच राहिले नव्हते. तेथे येशू बोलला नाही. परंतु ‘तू ख्रिस्त आहेस काय?’ असे थेट विचारले गेले, तेव्हा त्याने ‘मी आहे’ असे उत्तर दिले, आणि त्या उत्तराची किंमत त्याला ठाऊक होती. मौन धरणारा मूर्खही शहाणा ठरतो असे बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात म्हटले आहे खरे, पण ते झाकली मूठ ठेवण्याचे शहाणपण झाले; येथील मौन कोठे धरावे आणि कोठे सोडावे हे जाणणारे आहे.

याच शुभवर्तमानाच्या 4थ्या अध्यायात, वादळात नाव पाण्याने भरू लागली असता, येशू समुद्राला ‘उगा राहा’ असे म्हणतो. मूळ ग्रीकमध्येही या दोन्ही ठिकाणी ‘सिओपाओ’ हे एकच क्रियापद आहे. खवळलेल्या पाण्याला जी आज्ञा केली, तीच स्थिती पुढे त्याने स्वतः धारण केली, हा धागा ‘उगा’ या शब्दाने मराठीत जपला आहे, म्हणून तो बदलावा असे मला वाटत नाही. ‘गप्प’ला दटावणीचा वास येतो, ‘मौन’ला व्रताचा, आणि ‘स्तब्ध’ म्हटले की आज आपल्याला धक्का बसलेला माणूस दिसतो. शास्त्रपाठ वाचणाऱ्याने ‘च’ गाळून ‘उगा राहिला’ वाचावे, असेही कोणी सुचवील. पण ‘उगा कशाला त्रास घेता?’ असे आपण सर्रास म्हणतो, तेव्हा तेवढ्याने भागणार नाही. त्या मुलीला ‘उगी, उगी’चीच आठवण करून द्यावी.