रात्री अकराला फोटो येतो, ‘औषध सांगा’

प्रश्न : माझा कुत्र्या-मांजरांचा दवाखाना आहे. पालक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून औषध मागतात, नंतर बिलावरून वाद होतात. काय करावं?

उत्तर : फोटोवरून औषध सांगू नका, पण गप्पही बसू नका. उत्तर नाही मिळालं की पालक घरातलीच गोळी देतात, आणि मांजराला पॅरासिटामॉल जीवघेणं ठरतं. ते निकामी करण्याची मांजराच्या यकृताची ताकद तोकडी असते. त्यामुळे हिमोग्लोबिन बिघडतं, हिरड्या तपकिरी पडतात.

फोटोऐवजी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मागवा. प्राणी झोपलेला असताना श्वास ३० सेकंद मोजायला सांगा आणि दुप्पट करा. आकडा वारंवार ३०च्या वर जात असेल तर तपासणी हवीच. बोका लघवीसाठी जोर करतोय पण थेंबही येत नाही, किंवा कुत्र्याचं पोट फुगलंय आणि नुसत्या कोरड्या उलट्या होतायत, तर सकाळची वाट पाहायची नाही. हा मजकूर आधीच लिहून ठेवा.

बिलाचा वाद बहुतेकदा रकमेपेक्षा धक्क्याचा असतो. दाखल करण्यापूर्वी किमान आणि कमाल खर्च लिहून सही घ्या. कमाल आकडा ओलांडण्याआधी फोन करा. उलट्यांच्या कुत्र्यासाठी रक्ततपासणी, सलाइन, एक्स-रे पहिल्या कागदावर असावं, आतड्यात काही अडकलेलं दिसलं तर शस्त्रक्रियेचा अंदाज वेगळा द्यावा. पैसे कमी असतील तर कोणती तपासणी आधी, हेही स्पष्ट सांगा. तो पालकांचा हक्क आहे.